कॉटच्या फोटोत झोपलेल्या मुलाचा चेहरा कसा झाकायचा?

पेठेतला_घरमालक:
सदाशिव पेठेत वरची खोली कॉट बेसिसवर देतो. चार कॉट, सगळी एमपीएससीची मुलं. एक कॉट रिकामी झाली म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यात खिडकीजवळ एक मुलगा बनियनवर, तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि उशाशी भिंतीला त्याचं हॉल तिकीट डकवलेलं. पोरगा भडकला. बरोबरच होतं त्याचं. फोटो डिलीट केला, मग आयफोनच्या मार्कअपमधलं जाड पेन घेऊन चेहऱ्यावर काळं फासलं आणि परत टाकला. पाच मिनिटांत तो खाली हजर. माझ्यासमोर तोच फोटो उघडून एक्स्पोजर पार टोकाला नेलं. काळ्यातून आधी भुवई उगवली, मग नाक, मग ते उघडं तोंड. "काका, हे बघा!"

टीव्हीवर दाखवतात तसे चौकोन करायचे आहेत. अ‍ॅपला पैसे देणार नाही. आणि "दुसरा फोटो काढा" हा सल्ला नको, आता त्या कॉटवर पुस्तकांचा डोंगर आहे आणि तो हात लावू देत नाही.

कर्वेनगर_४११०५२:
काका, तुम्ही घेतलंत ते पेन नाही, हायलायटर आहे. तो अर्धपारदर्शक असतो, चार हात फिरवले की डोळ्याला काळा दिसतो एवढंच. आयफोनच्या मार्कअपमध्ये चौकोनांचा ब्रश नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे: फोटो निवडा, वरची पेन्सिल दाबा, ब्रशमध्ये धूसर करणारा असतो तो फिरवा. आधी स्वतःलाच पाठवा आणि ती प्रत वापरा.

जुना_मोबाइलवाला:
चेहऱ्याला ते ठीक, पण हॉल तिकिटावरच्या नंबराला हे धूसर चौकोन लावू नका. आकडे दहाच. एकेक आकडा त्याच फॉन्टमध्ये लिहून तसेच चौकोन पाडायचे आणि कुठला जुळतो ते बघायचं. डीपिक्स नावाचं साधन २०२० पासून फुकट मिळतं, ते याच धर्तीवर चालतं. तिकिटावर मार्कअपमधून भरीव काळा चौकोन ठेवा. क्यूआर कोड असेल तर तोही झाका, लोक तेवढाच विसरतात.

आणखी एक. आयफोन मूळ फोटो पोटात ठेवूनच वर एडिट दाखवतो. एअरड्रॉप करताना, म्हणजे जवळच्या आयफोनला थेट फोटो पाठवताना, पर्यायांमध्ये 'ऑल फोटोज डेटा' चालू असेल, तर समोरच्याला मूळ फोटोसुद्धा जातो. एडिट झाल्यावर सरळ स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा.

सॅमसंगवाली:
आमच्या गॅलरीत असे चौकोन पाडणारं मोझेक पेन आधीपासून आहे, बरं का.

पेठेतला_घरमालक:
असेल, पण फोन मुलीने दिलाय, बदलता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रश सापडला. पहिल्यांदा बोट जाड पडल्याने उशीसुद्धा धूसर झाली, राहू दिली. तिकिटावर भरीव काळा चौकोन, वरून स्क्रीनशॉट. पाठवण्याआधी त्या मुलाला दाखवला. त्याने दोन बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा तपासला आणि कपाटाच्या आरशावर थांबला. आरशात फोन धरून मी उभा. बनियनवर.

परत पेन्सिल घेऊन बसलोय.