साधना घरच्या घरी होत असेल, तर देवस्थाने आणि मठ कशासाठी?

राजारामपुरीकर (प्रश्न):
आमच्या घरात हा विषय सध्या वारंवार निघतो. सासूबाई दर शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला जातात आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर पाऊल पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझा मुलगा मात्र आळते येथील विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे शिबिर करून आल्यापासून पहाटे ध्यानाला बसतो आणि आपल्याला अध्यात्म हवे आहे, पण पुजारी, समिती आणि मठ यांच्याशी देणेघेणे नाही, असे सांगतो. त्याच्या वागण्यात आलेला शांतपणा दिसत असल्यामुळे त्याला अडवावेसे वाटत नाही. तरीही प्रत्येक जण आपापल्या खोलीत साधना करू लागला, तर संघटित धर्माने समाजासाठी जे केले ते पुढे कोण करणार? की ते काम आता संपलेच, असे समजावे?

निवृत्त शिक्षक:
ताई, पुरोहिताविषयीची ही नाराजी आपल्या कोल्हापूर शहराला नवी नाही. 1899 च्या कार्तिकात पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी राजर्षी शाहू महाराजांसाठी वेदोक्त म्हणजे वेदांतले नव्हे, तर शूद्रांसाठी मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्ताचे प्रकरण पेटले. महाराजांनी त्यानंतर धर्माकडे पाठ फिरवली नाही, तर धर्मकार्याची मक्तेदारी मोडायला घेतली. 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली आणि 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंची, म्हणजे मराठा समाजाच्या स्वतंत्र धर्मगुरूंची, नेमणूक झाली. मला स्वतःला या सगळ्याहून मोलाची वाटतात ती वसतिगृहे. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातून आलेल्या ज्या पोराला शहरात कोणी ओसरीवरही उभे केले नसते, त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले. जातवार वसतिगृहांवर आज टीका होते, ती मी समजू शकतो. पण त्या काळी शिक्षणापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट फार थोड्यांना होती. एकट्याच्या ध्यानातून, ते कितीही खरे असले तरी, बोर्डिंग उभे राहत नाही.

उत्तरेश्वर पेठ:
सरांच्या मताला माझी एक पुरवणी. हे काम संपलेले नाही. ते बऱ्याच अंशी पुरोहिताच्या हातून तालमींच्या आणि मंडळांच्या हाती आले आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी (गोवऱ्या) मोठ्या प्रमाणात लोकांकडून येतात. होळी लहान करून शेणी दान करण्याची रीत आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. होळीच्या सुमारास स्मशानाच्या आवारात ट्रॉल्या लागतात, आणि गल्लीतली पोरे साखळी करून हातोहात शेणी उतरवतात आणि भिंतीलगत रचून ठेवतात. यात मंत्र नाही, दक्षिणा नाही, तरीही हे धर्मकार्य नव्हे असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. आपल्या मुलाला एकदा त्या साखळीत उभे करा. त्याच्या ध्यानाला त्याने काही बाधा येणार नाही.

करवीरची लेक:
वरच्या दोन्ही उत्तरांत संस्थेची उजळ बाजू आली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचे उच्च न्यायालयाने एप्रिल 2016 मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच महिन्यात अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाणाऱ्या महिलांना आपल्याच शहरात कडवा विरोध झाला. जी देवी स्वतः स्त्री आहे, तिच्याजवळ जायला स्त्रीला न्यायालयाचा आधार लागावा, याचे दुःख मला आजही होते. अशा अनुभवानंतर तरुण मुलेमुली संस्थेपासून दूर गेली, तर त्यांना दोष देता येत नाही.

मात्र दूर गेल्याने संस्था बदलत नाही. 2018 मध्ये विधिमंडळाने अंबाबाई मंदिरात पगारी पुजारी नेमण्याचा कायदा मंजूर केला, तो लोकांनी रस्त्यावर उतरून धरलेल्या आग्रहामुळे. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे 3,000 हून अधिक मंदिरांचा कारभार आहे, त्यात देवस्थानांच्या शेतजमिनीही आल्या, आणि ही समिती शासनाने नेमलेली असते. त्यामुळे उत्पन्न किती येते आणि ते कोणत्या शाळेवर, दवाखान्यावर किंवा अन्नछत्रावर खर्च होते, हे विचारण्याचा अधिकार रांगेत उभ्या असलेल्या आपल्या सासूबाईंइतकाच मंदिरात न जाणाऱ्या आपल्या मुलालाही आहे. तो अधिकार त्याने सोडू नये, एवढेच मला त्याला सांगायचे आहे.