प्रतिसाद: लिंकन यांची घरची पत्रे
अब्राहम लिंकन घरच्यांशी कायम मायेनेच वागत, असे मूळ लेखात म्हटले आहे; सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन याला लिहिलेली पत्रे मात्र वेगळे चित्र दाखवतात. त्याने ८० डॉलर मागितले, तेव्हा ते साफ नाकारून लिंकन यांनी कळवले की, १ मेपर्यंत मजुरी करून तो जेवढे मिळवील, तेवढीच भर आपण पदरची घालू. भावाच्या आळसावरचा हा उपाय मला तरी रास्त वाटतो. १२ जानेवारी १८५१ चे पत्र पचायला जड आहे. वडील थॉमस यांच्या मृत्यूच्या पाच दिवस आधी लिहिलेल्या या पत्रात, आता वडिलांशी भेट झाली तर ती सुखापेक्षा क्लेशच अधिक देईल की काय, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली आहे. भेटीला न जाण्यासाठी पत्नीच्या आजारपणाचे कारण त्यात आहे खरे, पण ते बाळंतपणाचे दुखणे असून धोक्याचे नसावे, हेही त्यांनीच लिहिले आहे.