अनुभव धागा: शेवट तुमच्या हातात असता तर?

पुस्तक मिटल्यावर 'हे असं नको होतं' असं कधी वाटलंय? कुणाला वाचवावंसं, कुणाचं जुळवावंसं, जुळलेलं मोडावंसं? कोणतं पुस्तक, काय बदललं असतं आणि का, ते सविस्तर लिहा. इथे शेवट फुटणार, हे धरूनच वाचायला या.

सुरुवात मी करते. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६१ साली पूर्ण झाली. तिचा शेवट त्याने आधी वेगळा लिहिला होता. पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात. तिचं दुसरं लग्न झालेलं असतं. पिपबरोबरचा लहान मुलगा त्याचाच, असं ती समजते आणि तो तिचा गैरसमज दूर करत नाही. बुल्वर-लिटन या लेखकमित्राने गळ घातली आणि छापताना दोघं हातात हात घालून निघाले. मला तो रस्त्यातला शेवटच हवा. जिला प्रेम करताच येऊ नये अशा बेताने वाढवलं, तिचं एका संध्याकाळी सगळं सुरळीत होतं, हे माझ्या गळी उतरत नाही. आणि तो दूर न केलेला गैरसमज! पिप किती मोठा झालाय ते तेवढ्यात कळतं.

———

हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधल्या यमूला मी मनात अनेकदा वाचवलंय. नवरा गेल्यावर तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, तिथे मी पुस्तक खाली ठेवते. माझ्या गोष्टीत तिचा दादा वेळेवर पोचतो, तिला घेऊन निघतो, पुढे ती शिकते. तिने बोचक्यात काय काय बांधलं तेसुद्धा मी ठरवलंय. तरी कुणी खरंच लेखणी हातात दिली तर मी एक अक्षर बदलणार नाही. यमू सुटली असती तर त्या काळचा वाचकही सुटला असता, आणि स्वतःच्या घरातल्या यमूकडे त्याची नजर गेली नसती.

———

मी उलट टोकाला. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात संपवला, वाचक खवळले, १९०३ मध्ये तो जिवंत होऊन परतला. मी नसता आणला. खडकावर सिगारेटकेस, तिच्याखाली वॉटसनसाठी चिठ्ठी. इतका नेटका निरोप होम्सलाच शोभतो. पुढच्या कथा आवडीने वाचल्या, पण त्या चिठ्ठीचं वजन कमी झालं ते झालंच.

———

एका नाट्यशिबिरात आम्हाला इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'चे दोन्ही शेवट करायला लावले होते. १८७९च्या मूळ नाटकात नोरा घर सोडते, खालून दार आपटल्याचा आवाज येतो आणि पडदा. जर्मनीत नोरा करणाऱ्या नटीला मुलांना टाकून जाणारी आई रंगवायची नव्हती. परक्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला: नवरा तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते.

मी नोरा होते. पहिल्या शेवटात दाराकडे जाताना पाठ आपोआप ताठ व्हायची. दुसऱ्यात गुडघे टेकले आणि त्याआधीच्या लांबलचक प्रसंगातलं माझं एकेक वाक्य खोटं पडलं. 'मी आधी माणूस आहे' असं मघाशी बजावणारी बाई गेली कुठे? तालमी वाढवल्या तरी ते अंगात उतरेना. तेव्हापासून कुठलाही शेवट बदलावासा वाटला की मी आधी बघते, त्यासाठी मागची किती पानं खोडावी लागतील. बहुतेकदा निम्मं पुस्तक जातं.

———

मला फक्त 'दहा वर्षांनंतर' छापाची प्रकरणं काढून टाकायचीत. कुणाला किती मुलं झाली ते मला नाही जाणून घ्यायचं.

———

वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तो येतो. उशिरा, पण येतो.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'नाही येत.' लेखिकेने ते उघडच ठेवलंय. मी पहिल्या अक्षराच्या बाजूने. मधल्या एका प्रकरणात तो आपली छत्री तिच्याकडे मुद्दाम ठेवून जातो, पाऊस सुरू असताना. परत यायचं नसलेला माणूस असं कशाला करेल?