सोलो जमलं नाही म्हणून शिकवतात?
सोलो करिअर जमलं नाही की व्हायोलिनवाले क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चौघांचा गट) आणि शिकवण्याकडे वळतात, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या व्हायोलिनवादक जोआखिमचं उदाहरण घ्या. 1844 साली बाराव्या वर्षी लंडनमध्ये संगीतकार मेंडेलसोनच्या कंडक्टिंगखाली बेथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्सर्टो (ऑर्केस्ट्रासोबत एकट्या वादकाने वाजवायची रचना) वाजवलेला माणूस, संगीतकार ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्सर्टो त्याला अर्पण केला, त्याला काय सोलो जमत नव्हतं? तरी 1869 ला बर्लिनमध्ये क्वार्टेट काढलं आणि 1907 मध्ये जाईपर्यंत चालवलं, सोबत तिथल्या हॉखशूलमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवणंही. त्याच्याकडे शिकलेला आउअर, आणि आउअरकडे हायफेट्झ, दोघंही नावाजलेले व्हायोलिनवादक!

क्वार्टेटमध्ये कंडक्टर नसतो हो, चौघांनी एकमेकांचा श्वास, बोची (गजाची) हालचाल बघून सुरू व्हायचं, सूर जरा हलला तर लपायला जागाच नाही, आणि दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्याला तर पहिल्याला सांभाळून घेत स्वतःचंही दिसू द्यायचं असतं. यातून कान तयार होतो, आणि असा कान असलेला माणूसच नीट शिकवू शकतो असं माझं ठाम मत.

आपल्या गोव्यातच बघा ना. चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्या परंपरेतून कितीतरी वादक मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. त्यांना कुणी म्हणेल का, वाजवता येत नव्हतं म्हणून शिकवलं?