गोंधळाच्या साथीला गिटार: डिले लावला आणि पोपट झाला

सहावी तार:
मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

आमचा चौघांचा संच आहे. गाणाऱ्या मावशी, संबळ, तुणतुणं आणि गिटारवर मी. मावशींचा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). मी पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी सुराच्या पकडी वापरतो आणि सहावी तार एक स्वर उतरवतो, म्हणजे ती मोकळी सोडली की खालचा पंचम मिळतो. इथवर सगळं सुखात.

यंदा नवरात्राआधी हौस आली. डिले (छेड ठरल्या वेळानं परत ऐकवणारं) आणि रिव्हर्ब (आवाजाला मोठ्या दालनासारखा घुमारा देणारं) असे पायानं चालवायचे दोन पेडल घेतले. घरी मिनिटाला ९० ठोके लावून सराव केला, डिले ६६७ मिलिसेकंदांवर. प्रत्येक छेड बरोबर पुढच्या ठोक्यावर परत यायची. काय गोड वाटायचं! देवळाच्या आवारात बसलो, पहिली दोन कडवी झकास गेली. मग लोकांनी 'उदो उदो' सुरू केलं, संबळ तापला आणि लय चढत चढत १२० च्या घरात गेली. म्हणजे ठोका ५०० ला पडतोय आणि माझा डिले अजून ६६७ लाच. माझीच छेड मला दोन ठोक्यांच्या मध्ये येऊन टोचायला लागली. संबळवाल्यानं वाजवता वाजवता मान वळवून असं बघितलं की काय सांगू. मी वाकून बटण शोधेपर्यंत कडवं संपलं. मावशी माइक बाजूला धरून म्हणाल्या, "आरं, तुझं ते यंत्र माझ्या मागनं चालतंय का पुढनं?"

रिव्हर्बची तऱ्हा वेगळी. दगडी आवारात गिटार नुसती घुमायला लागली. साउंडवाल्यानं वैतागून माझा चॅनलच खाली ओढला. उरलेला कार्यक्रम मी मूकनाट्य केलं.

ब्रिजखाली पिएझो पिकअप (तारांची कंपनं पकडणारी पट्टी) आहे, गिटारमध्येच ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीअँप (तो आवाज वाढवणारं सर्किट). सांगा, पेडल विकून टाकू की वापरायची काही रीत आहे?

कर्णेवाला:
भाऊ, तुमचा चॅनल ओढणारा मी नव्हे, पण मी असतो तर मीही ओढलाच असता. राग मानू नका.

कोरडा (नुसत्या गिटारचा) आणि ओला (इफेक्टचा) आवाज तुम्ही एकाच वायरीतून पाठवलात. रिव्हर्ब जास्त वाटला तर मिक्सरवाल्यानं करायचं काय? खाली घेतला की गिटारही खाली. दोन डीआय बॉक्स (गिटारचा आवाज मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्या) घ्या. एकातून नुसती गिटार, दुसऱ्यातून नुसता इफेक्ट, पेडलवरचा कोरडा आवाज शून्य करून. दोन चॅनल दिलेत की साउंडवाला तुमचा दोस्त. ओला चॅनल मॉनिटरला (तुमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या कर्ण्याला) मात्र देऊ नका, शिट्टीला आमंत्रण आहे ते.

आणि दगडी आवारात रिव्हर्ब हवाच कशाला? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला १०० मिलिसेकंद लागतात. देवळानं फुकट दिलंय त्याच्यावर विकतचं ओतताय. उघड्या मैदानात, जत्रेत, जिथे आवाज कुठे टेकतच नाही, तिथे थोडा लावा.

घुमण्याचं म्हणाल तर मोठ्या अंगाच्या गिटारीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास डोलते, बहुतेक वेळा घूम तिथेच असते. भोकाला रबरी झाकण लावा. प्रीअँपवर फेजचं (आवाजाची लाट उलटवणारं) बटण असेल तर उलटं करून बघा. तरी ऐकलं नाही तर नॉच, म्हणजे घुमणारी तेवढीच पट्टी कापायची. कंप्रेसर लावला असेल तर आधी तो बंद, तो हळू आवाज वर उचलतो आणि घूमही त्याच्याबरोबर वर येते.

जुनी पेटी:
गोंधळात गिटार, गिटारीला पेडल. उद्या संबळाला ब्लूटूथ लावा. आईच्या दारात हे उपद्व्याप कशाला?

बोटांचे घट्टे:
पेटीकाका, तुमच्या नावातली पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीवर १९४० पासून कित्येक वर्षं तिला बंदी होती. तरी आज भजनाला पहिली तीच निघते. असो.

सहावी तार, मुद्दा लय कुणाच्या ताब्यात आहे हा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन मार्टिन हा ब्रिटनमधला फोक गायक अकूस्टिक गिटारला पिकअप लावून ती इकोप्लेक्समधून काढायचा. टेपवर चालणारं एको यंत्र ते. टेपवर आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या दोन हेडमधलं अंतर सरकवलं की परत येणारी छेड लवकर किंवा उशिरा येते. एकटा माणूस, एक गिटार आणि परत येणाऱ्या छेडा हाच त्याचा तबला. जमायचं, कारण यंत्राच्या लयीत बसायला तो मोकळा होता, मागे वाट अडवायला कुणी नव्हतं. तुमच्याकडे लय संबळाची आणि संबळाला चढवणार समोरचे लोक. तिथे यंत्रानं आपली लय काढली तर मावशी विचारणारच.

टॅप टेंपोचं बटण (पायानं ठोके देऊन डिलेची लय ठरवायचं) सुचवतील बरेच जण. मी दोन वर्षं दाबलं. पाय ठोके मोजतो आणि हात छेड विसरतो. लूपर (वाजवलेला तुकडा फिरून फिरून वाजवणारं यंत्र) तर घरीच ठेवा.

करून बघा: डिले ८० ते १०० मिलिसेकंद, परत येणारी छेड एकच, तीही दबकी. एवढ्या जवळ आली की ती वेगळा ठोका म्हणून ऐकू येत नाही, गिटार नुसती जाड होते. संबळ कितीही पळो. लांब डिले आणि रिव्हर्ब गणाच्या आधी वापरा, मावशी नुसता आलाप घेत असतील तेव्हा. तिथे लयच नाही, तर चुकणार काय? व्हॉल्यूम पेडलनं सूर हळूच आत आणा. संबळावर पहिली काडी पडली की सगळ्यावर पाय, म्हणजे बंद.

सहावी तार:
परवा एका लग्नाचा गोंधळ होता, बंगल्याच्या अंगणात. दोन डीआय नेले, साउंडवाल्या पोराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, असं आधी कुणी देत नाही." डिले ९० वर, आलापाला थोडा रिव्हर्ब, मग बंद. रबरी झाकण बसवलं, घुमली नाही. फक्त खर्जाची गोडी जराशी गेल्यासारखी वाटली, की माझाच भास. निघताना संबळवाला म्हणाला, "आज मशीन आणलं नव्हतंस वाटतं."

आता नवीनच लफडं. नाचता नाचता दिवटीतलं तेल पेडलवर सांडलं. डिलेचं गोल बटण फिरवलं की करकर येते, कर्ण्यातसुद्धा. कशानं पुसू?

कर्णेवाला:
पुसू नका, तेल आणखी आत जाईल. आधी बॅटरी आणि वायरी काढा. मागचे चार स्क्रू काढून बटणाच्या मुळाशी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, बटण वीस-पंचवीस वेळा पुढेमागे फिरवा, रात्रभर उघडं राहू द्या. आणि पुढच्या वेळी दिवटीच्या दुसऱ्या बाजूला बसा.