भागोजी नाईक : दरोडा, बंड की उठाव?

प्रश्न : सिन्नर-संगमनेर भागाच्या इतिहासावरची एक छोटी पुस्तिका तपासतो आहे. नांदूर शिंगोट्याचे भागोजी नाईक यांच्यावरच्या एकाच प्रकरणात तीन शब्द आले आहेत. जुन्या इंग्रजी नोंदींवरून उतरवलेल्या भागात ‘भिल्ल दरोडेखोर’, मध्ये ‘भिल्लांचे बंड’ आणि शेवटी ‘उठाव’. संपादक म्हणतात, कोणताही एकच ठेवा. कोणता ठेवू?

उत्तर : ‘दरोडेखोर’ आधी काढा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उरलेल्या दोन शब्दांकडे वळण्याआधी १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याला काय झालं ते पाहू, कारण वाद तिथेच आहे.

भागोजी नाईक पूर्वी नगरच्या पोलिसांत नोकरीला होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. पुढे हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ते गाव सोडून पुणे-नाशिक रस्त्यावर दबा धरून बसले. सोबत पन्नासेक भिल्ल. ४ ऑक्टोबर १८५७ ला पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री तिथे पोचला. निरोप गेले, बोलणी झाली. भागोजींचं म्हणणं सरकारी नोंदीतच आहे: दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पोटापाण्याची काही सोय लावा, मग हजर होतो. उत्तरादाखल गोळ्या सुटल्या. त्या चकमकीत हेन्री पडला.

थकलेला पगार मागणाऱ्या माणसाला दरोडेखोर म्हणायचं? दरोडा पडतो तो लुटीसाठी. तो शब्द वापरला की मागणी आपोआप पुसली जाते, आणि मागोमाग त्याचं सगळं बिऱ्हाड येतं: ‘टोळी’, ‘म्होरक्या’, ‘मुसक्या’, ‘बंदोबस्त’. तुमच्या मजकुरात ‘भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठी’ असं वाक्य असणार, शोधून पाहा. तिथे ‘भिल्लांशी लढण्यासाठी’ करा.

आता ‘बंड’. या शब्दात कुणाचं तरी राज्य रास्त आहे हे गृहीत धरलेलं असतं. बंड मोडतात, मोडून काढतात. म्हणजे वाक्य लिहिणारा बहुधा मोडणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. ‘उठाव’ होतो तो खालून, उठणाऱ्याच्या बाजूने. म्हणून माझं मत ‘उठाव’.

दुसरे उत्तर : ‘बंड’ला एवढं खाली ढकलू नका. गोडसे भटजींच्या प्रवासवर्णनाच्या नावातच ‘१८५७ च्या बंडाची हकीकत’ आहे, आणि वासुदेव बळवंतांच्या १८७९ च्या लढ्याला आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक अभिमानानेच ‘फडक्यांचं बंड’ म्हणत. त्यांच्यासोबत रामोशी होते, हे सांगतानाही आवाज खाली जात नसे. बंड पुकारणं, बंडाचं निशाण उभारणं यात हिणवणं कुठे आहे?

शिवाय एक व्याकरणाची अडचण आहे. बंड करणारा तो बंडखोर, जुन्या मराठीत बंडवाला. उठाव करणाऱ्याला काय म्हणाल? ‘उठावकर्ता’ हा कागदी शब्द आहे, कुणाच्या तोंडी नाही. म्हणून मथळ्यात ‘उठाव’ छापलेल्या लेखातही दुसऱ्या परिच्छेदात ‘बंडखोर’ येतोच. बाजारात तर ‘मालाला उठाव नाही’ म्हणतात, तो अर्थ वेगळा, पण शब्दाची धार त्याने बोथट होते असं मला वाटतं.

पहिल्या उत्तराची पुरवणी : ‘बंडखोर’ची अडचण मान्य. तिथे ‘भागोजी आणि त्यांचे साथीदार’ असं सरळ लिहावं.

पण १८५७ च्या ‘स्वातंत्र्यसमरा’त हे प्रकरण जसंच्या तसं बसवू नका. हेन्री पडल्यानंतर भिल्लांवर सोडायला सरकारने कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळ्यांची पलटण उभी केली. त्याच डोंगराळ भागातल्या कोळ्यांचे, इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं, त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. ‘देशी विरुद्ध गोरे’ या चौकटीत हे मावत नाही. ‘भिल्लांचा उठाव’ म्हणा, म्हणजे कोण उठलं ते कळतं.

आणखी एक उत्तर : पूर्व भारतातल्या संथाळ आदिवासींच्या १८५५ च्या लढ्याला त्यांचा स्वतःचा शब्द आहे: हूल. त्या लढ्याचे नेते सिदो-कान्हू यांचं भोगनाडीह हे गाव त्या शब्दानेच ओळखलं जातं. मराठीत मात्र ‘हूल देणे’ म्हणजे फसवी चाल. म्हणून मराठी मजकुरात नुसतं ‘संथाळ हूल’ छापू नका, ‘संथाळांचा हूल, म्हणजे उठाव’ असं एकदा तरी फोडून सांगा. मुंडांचा ‘उलगुलान’ आपल्याकडच्या आदिवासी मोर्च्यांच्या फलकांवर आला आणि रुळला, त्याला आता अर्थ द्यावा लागत नाही.

पहिल्या उत्तराची दुसरी पुरवणी : एक गोष्ट राहिली, आणि ती मला ‘बंड’-‘उठाव’ वादापेक्षा मोठी वाटते. क्रियापदं तपासा. जुन्या पद्धतीच्या मजकुरात ‘लेफ्टनंट हेन्री मारले गेले’ आणि ‘भागोजी ठार झाला’ ही दोन वाक्यं एकाच पानावर सुखाने नांदतात. हेन्रीला आदरार्थी बहुवचन, भागोजीला एकवचन. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरजवळ फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना भागोजी मरण पावले. पुढे सूटर मुंबईचा पोलीस कमिशनर झाला, म्हणून त्याच्या नावापुढे ‘साहेब’ लागलं असेल तर तेही पाहा. दोघांना बहुवचन द्या किंवा दोघांना एकवचन. मथळ्यात ‘उठाव’ आणि खाली ‘भागोजी पळाला’ असं राहिलं तर मथळा बदलून काही उपयोग नाही.

प्रश्नकर्ता : पाहिलं. सहा ठिकाणी ‘पळाला’, एका ठिकाणी ‘सूटर साहेबांनी’. सगळं बदलतो. ‘दोन वर्षांचा थकलेला पगार’ हे मूळ मजकुरात नव्हतंच, ते हेन्रीच्या वाक्याआधी घालतो आहे.