"पैसे आमचे, लग्न आमचं, मग फोटो तुमचे कसे?" या पोस्टला उत्तर

शटरवाला_तिसरं_गेट
परवा अनगोळकर काकांनी इथं पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी: मुलीच्या लग्नाचे दोन दिवसांचे 85 हजार मोजले, अल्बम आला, आता रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) मागितल्या तर फोटोग्राफर नाही म्हणतो, पैसे आमचे लग्न आमचं मग फोटो तुमचे कसे, आणि वर "बटणच तर दाबायचं असतंय, भाच्याच्या आयफोनवर याहून बरे आलेत." तो बटण दाबणारा मीच. दोन दिवस गप्प बसलो. आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, वेळच वेळ आहे, म्हणून लिहितो.

हिशोब घ्या. कॅन्डिड, म्हणजे पोज न देता नकळत टिपलेले फोटो, दोन दिवस 16 हजार, सिनेमॅटिक, म्हणजे सिनेमासारखा व्हिडिओ, 20, साधा फोटो आणि साधा व्हिडिओ धरून 16, ड्रोन 6, दोन अल्बम 12, व्हिडिओ एडिटर 8. झाले 78. उरले 7 हजार, त्यात पेट्रोल आणि पुढं तीन आठवडे रात्री दोनपर्यंत डोळे फोडणं. लुटलं म्हणे!

अक्षता 12:38 च्या होत्या. अंतरपाट खाली आला की दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात मुलगी मान वर करते, भटजींचा हात आडवा येतो, मामा आडवा येतो आणि मागून पाचशे माणसं लांबून नेम धरून तांदूळ मारतात. त्या रात्री लेन्सच्या हूडमधून मी पिवळे तांदूळ काढले, अकरा दाणे, मोजले. त्या दोन सेकंदांतला फोटो तुमच्या हॉलच्या भिंतीवर लागलाय. भाच्याचा आयफोन तेव्हा माझ्या डोक्यावर होता, व्हिडिओत दिसतोय बघा.

आणि रॉ मागून करणार काय? 6,200 फ्रेम, एकेक 35 एमबीची, म्हणजे 217 जीबी. मोबाईलवर धड उघडत नाही, उघडली तर राखाडी, मळकट दिसते. मग तुम्हीच म्हणणार फोटो खराब काढलाय. नाहीतर भाचा त्यावर नारिंगी फिल्टर मारून रील टाकणार आणि टॅग कुणाला, मला.

जाता जाता, पहाटे पाचपासून माझी तीन पोरं आणि मी उभे. 3:45 ला जेवायला गेलो तर मांडे संपलेले. बोललो नाही तेव्हा, आता बोलतोय.

अनगोळकर_काका
मी नाव घातलं नव्हतं, तुम्हीच पुढं आलात, बरं झालं. आता तुमचाच हिशोब वाचतो. कॅन्डिडचे 16 हजार. कॅन्डिड कोण काढत होतं? तुम्हीच की. म्हणजे 16 आणि 7, तेवीस हजार तुमच्या खिशात गेले आणि इथं सात म्हणून रडूलाय. मी चाळीस वर्षं हिशोबाच्या वह्या लिहिल्यात, मला नका शिकवू.

शटरवाला_तिसरं_गेट
गेले खिशात, मान्य. तिथनं कॅमेऱ्याची बॉडी आणि 70-200 लेन्सच्या हप्त्यात गेले. खिसा फक्त रस्ता आहे.

कुंदा_नको_मांडे_द्या
बाकीचं राहू दे, 3:45 ला मांडे संपले म्हणजे कितीचे सांगितले होते? आमच्यात लग्नाला मांडे मोजून करत नाहीत.

काळा_कोट
भावनेच्या भरात दोघेही कायदा विसरलात. कॉपीराइट अ‍ॅक्ट 1957, कलम 17, खंड ब. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला तर, उलट करार नसल्यास, कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा. काढणारा नव्हे. सगळ्या फोटोग्राफर मंडळींना वाटतं उलटं आहे. काकांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर.

शटरवाला_तिसरं_गेट
वकीलसाहेब, मालकी त्यांची असेल, खरं 217 जीबी कॉपी करून हातात द्या असं त्या कलमात कुठं लिहिलंय?

काळा_कोट
नाही लिहिलेलं. काय काय द्यायचं ते करारात बघायचं. करार कुठाय?

शटरवाला_तिसरं_गेट
व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके दादा" आणि 10 हजार फोनपे.

काळा_कोट
😀 मग दोघंही देवाच्या भरवशावर.

अनगोळकर_काका
थांबा थांबा. मालक मी, तर माझ्या मुलीच्या हळदीची रील तुमच्या इन्स्टावर कुणाला विचारून टाकलीत? चौदा हजार लोकांनी बघितलीय.

शटरवाला_तिसरं_गेट
काढतो. आत्ता काढतो.

अनगोळकर_काका
काढू नका. जावयांना आवडलीय. मी फक्त विचारलं.

कॅमेरा_आणि_स्कूटी
मीही याच धंद्यात, बाई आहे, म्हणून जरा वेगळं सांगते. नवरीच्या खोलीत साडी नेसताना, फुलं माळताना मला बोलावतात, तेव्हा "ताई, तुम्हीच पाहिजे". पैसे ठरवताना मात्र "तुमच्याबरोबर कोण पुरुष आहे का, त्यांना फोन द्या". मागच्या मे महिन्यात खानापूरकडचं लग्न, वरात संपायला रात्रीचे पावणेबारा, माझ्याकडं दीड लाखाचं सामान आणि स्कूटी. जांबोटी फाट्यापर्यंत सोडायला कुणी येईना, कारण सगळे नाचूलेत. शेवटी बँडवाल्यांच्या टेंपोमागून आले, त्यांनीच हळू चालवला माझ्यासाठी. जेवणाचं तर बोलूच नका. केटररचा पोरगा म्हणतो, फोटोवाल्यांचं ताट यादीत नाही. चपला सांभाळणाऱ्या काकांचं होतं.

कुंदा_नको_मांडे_द्या
हेच. ताटं मोजून देणारे केटरर आले आणि बेळगावच्या लग्नाचा सत्यानाश झाला. आमच्या आजीच्या वेळी मांडेवाल्या बायका घरी यायच्या, पालथ्या कढईवर हातभर मांडा पसरायचा, आत साखर आणि खसखस, रुमालासारखी घडी. आज हॉलमध्ये बॉक्समधून काढतात, दातांना कागद लागल्यासारखा.

निपाणीकर_बापू
मांडे बॉक्समधले असले तरी मांडेच. तुम्हाला फुकट पाहिजेत आणि वर नावं ठेवता.

कुंदा_नको_मांडे_द्या
निपाणीकरांनी मांड्यावर बोलू नये. तुमच्याकडं तंबाखू चांगला.

निपाणीकर_बापू
बोलणार. मी 1989 ला याशिका कॅमेऱ्यावर लग्नं काढायला सुरुवात केली. 36 चा रोल. अख्खं लग्न तीन रोलात बसवायचं, 108 फोटो, त्यात सीमांत पूजन, अक्षता, सप्तपदी, कानपिळी, वरात, व्याही-विहीण, दोन्हीकडच्या पंगती. एक वाया गेला की काळजात धस्स. आणि जेवायला आम्हाला व्याह्यांच्या शेजारी बसवायचे, मांड्यावर तूप घरचा मालक स्वतः वाढायचा, "फोटोवाले, अजून एक" म्हणून. हे 6,200 काढतात आणि कुणी पाणी विचारत नाही. जास्त काढले म्हणूनच किंमत गेली, दुसरं काही नाही.

शटरवाला_तिसरं_गेट
बापू, तुमचा मान आहे, खरं तुमच्या 108 मध्ये साठ फोटोत लोकांचे डोळे मिटलेत, माझ्या आईच्या लग्नाचा अल्बम तुमच्याच पिढीचा आहे, त्यात आई फक्त एका फोटोत डोळे उघडे ठेवून आहे.

निपाणीकर_बापू
त्या काळी बायका कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. बघितलं तर सासू बघायची.

येळ्ळूर_गडी
मी एक विचारतो, राजहंसगडावर प्री-वेडिंगला येणाऱ्यांना कोण थांबवणार? महाराजांच्या पुतळ्यासमोर गाऊन घालून गिरक्या घेतात. गोकाक फॉल्स आहे, राकसकोप आहे, तिकडं जावा की. आणि दुसरं, स्टुडिओच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे म्हणून आमच्या भावाला बोर्ड उतरवायला लावला, नवीन बोर्डाचे सतरा हजार गेले, मराठी फोटोग्राफरांनी यावर एकदा

अ‍ॅडमिन
बोर्डाचा विषय इथं नको. त्याला वेगळा धागा आहे, तिथं जाऊन भांडा. प्री-वेडिंगचाही आहे.

येळ्ळूर_गडी
बोलायचं नाही म्हणजे. बरं.

कॅमेरा_आणि_स्कूटी
बोर्ड राहू दे, माझी निम्मी लग्नं कन्नड घरची असतात. "स्वल्प नग्री" म्हणते, तिकडच्या आज्ज्या हसतात. "आज्जी, जरा हसा की" म्हणलं तर आमच्याकडच्या म्हणतात, "दात नाहीत, काढ तसाच."

कॅम्पातला_भाऊ
ड्रोनचं कुणी बोलेना. भावाच्या लग्नात ड्रोनचे पैसे घेतले आणि ऐनवेळी "इथं उडत नाही" म्हणाला. हॉल कॅम्पात होता, लष्कराच्या भागात.

शटरवाला_तिसरं_गेट
मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला लागून ड्रोन सोडला असता तर नवऱ्याआधी फोटोवाल्याची वरात निघाली असती. सांबऱ्याकडंही तेच, विमानतळ आणि हवाई दल. खरं पैसे परत द्यायला पाहिजे होते त्यानं, हे मान्य. बुकिंगलाच हॉल विचारायचा असतो.

कुंदा_नको_मांडे_द्या
मूळ मुद्दा जेवणाचा आहे.

अनगोळकर_काका
मूळ मुद्दा जेवणाचा नाही! आणि एकदाच सांगतो, माझ्याकडं मांडे 400 सांगितले होते, माणसं आली 640. त्यात नवऱ्याकडच्या दोन ट्रॅक्स गाड्या भरून माणसं आयत्या वेळी. मी स्वतः चार वाजता ताक-भात खाल्ला. यजमान उपाशी आहे आणि फोटोग्राफर मांड्यासाठी रुसलाय!

कुंदा_नको_मांडे_द्या
400 सांगितले तिथंच चुकलात. मे महिन्यात दीडपट धरायचं असतंय.

निपाणीकर_बापू
याला कुणीतरी मांडा द्या आणि गप्प करा.

कुंदा_नको_मांडे_द्या
बापू, मी 2019 ला तुमच्या निपाणीत लग्नाला आलो होतो, मांड्याच्या नावाखाली पुरणपोळी वाढली. विसरलो नाही.

कॅमेरा_आणि_स्कूटी
पण काका, खरंच विचारते, रॉच का पाहिजेत? रॉ कुणी मागत नाही सहसा. मागतात त्यांना काहीतरी दुसरंच पाहिजे असतंय.

अनगोळकर_काका
सांगतो. अल्बमला 40 पानं. 31 पानांवर नवरा-नवरी. एकदा नवरी खिडकीतून बघूलीय, एकदा नवरा नवरीकडं बघूलाय, एकदा दोघं सूर्याकडं बघूलेत. चार पानं नुसत्या वस्तूंची, बांगड्या, बूट, अंगठी पाण्यात टाकलेली. बूट! 85 हजारात जावयाचे बूट एक अख्खं पान. आणि माझी सख्खी आत्या, कडोलीहून आली, 82 वर्षांची, दोघांनी धरून स्टेजवर चढवली, तिचा फोटो नाही. उचगावचे पाहुणे, तीन घरं, एकही चेहरा नाही. परवा बारशाला गेलो तर चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणतो, "आम्ही आलो होतो काय गा तुझ्यात, का स्वप्न पडलं आम्हाला?" यांनी माणसं काढलीच नाहीत अशी माझी खात्री झाली. म्हणून म्हणलं सगळे द्या, मी बघतो शोधून. राखाडी तर राखाडी.

निपाणीकर_बापू
108 मध्ये आत्या असायचीच. पहिल्या रोलात.

शटरवाला_तिसरं_गेट
काका, हे आधी सांगायचं की. "रॉ द्या नाहीतर पोस्ट टाकतो" एवढंच म्हणालात. आता दुकानात बसून फोल्डर उघडलंय. तुमच्या आत्याबाईंचे चार आहेत, हिरवं इरकल, नाकात नथ, बरोबर? एकात मुलीच्या गालाला हात लावूलेत, तो चांगला आलाय. उचगावचे स्टेजवर दोनदा. पंगतीचे वेगळे. स्टेज आणि पंगत मिळून 712 भरतात.

अनगोळकर_काका
मग अल्बमात का नाहीत??

शटरवाला_तिसरं_गेट
अल्बमचं सिलेक्शन मी करत नाही. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली होती, त्यातनं 180 निवडून आले. बूट पण निवडून आले. मी फोन करून सांगितलं होतं की घरच्यांचे कमी पडतील, दहा पानं वाढवू, तर "नको, क्लासी वाटत नाही" म्हणून मेसेज आला. कुणाचा ते तुम्ही ओळखलं असेल. स्क्रीनशॉट आहे, टाकू?

अनगोळकर_काका
इथं नको.

काळा_कोट
म्हणजे वाद घरचा निघाला. माझी फी मिळणार नाही असं दिसतंय.

कॅमेरा_आणि_स्कूटी
तिच्यावर रागावू नका काका. इन्स्टावर सगळ्यांचे अल्बम असेच दिसतात, तिनंही तसंच केलं. आत्याबाई कुणाच्या रीलमध्ये नसतात. आम्हीच असल्या रील टाकतो म्हणा, म्हणजे थोडं आमच्याकडंही येतं.

शटरवाला_तिसरं_गेट
थोडं येतं, ठीक आहे. पोर्टफोलिओत मी पण बूटच ठेवलेत.

अनगोळकर_काका
बटण दाबण्याचं बोललो ते जरा जास्त झालं. जरा. ड्रोनचे 6 हजार जास्तच आहेत यावर मी ठाम आहे, दीड मिनिट उडला.

शटरवाला_तिसरं_गेट
चार मिनिटं. बॅटरी पूर्ण गेली. असो. रॉ देत नाही, ते राहू द्या. 712 चे सगळे जेपीजी प्रिंटच्या साइजमध्ये देतो, पैसे नकोत. भावकीचा वेगळा साधा अल्बम करायचा असेल तर प्रिंटचा खर्च तेवढा द्या, बूट घालणार नाही.

कुंदा_नको_मांडे_द्या
एवढं सगळं झालं, पण त्या 640 माणसांचे केटरर कोण होते ते कुणीच सांगेना.

अनगोळकर_काका
उद्या दुपारी एकला येतो. पेन ड्राइव्ह 32 चा चालतोय काय?

शटरवाला_तिसरं_गेट
चालतोय. जेवून या.